पेशींची विश्रांति आणि हळदीचें बेणें

सांगलीची हळद म्हटली, कीं हरिपूरचीं पेवें आठवतात. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनींत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षें टिके. २००५ च्या महापुरानें त्यांतील पुष्कळ पेवें निकामी केलीं. परंतु पेवांतील हळद शिजवून वाळविलेली, म्हणजे निर्जीव. वाईपासून सांगलीपर्यंतचा शेतकरी (सांगली जिल्हाही १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणूनच ओळखला जाई) पुढील लागवडीसाठीं जे जेठे गड्डे न शिजवतां सावलींत झांकून ठेवतो, तें बेणें मात्र जिवंत असतें. दोन्हीही निश्चल, मग भेद कोठें?

जर्मनींतील कील येथें वाल्टर फ्लेमिंग यानें सॅलमँडरच्या डिंभांच्या पेशी रंगवून, त्या दुभंगतांना केंद्रकांत दिसणारे धागे निरखिले व १८८२ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. विभाजन संपून धागे दिसेनासे झाले, कीं केंद्रक स्वस्थ भासे. म्हणून त्या काळास ‘विश्रांत अवस्था’ म्हणूं लागले. डोळ्यांना दिसलें नाहीं, म्हणजे घडलें नाहीं, असें मानण्याची ही घाई होती. १९५३ सालीं आल्मा हॉवर्ड व स्टीफन पेल्क यांनीं लंडनमध्यें एका शेंगवर्गीय वनस्पतीच्या मुळ्यांना किरणोत्सर्गी फॉस्फरस देऊन दाखविलें, कीं याच तथाकथित विश्रांतींत पेशी आपलें आनुवंशिक द्रव्य दुप्पट करून घेते. या कामाच्या आधीं एक व नंतर एक, असे दोन अवकाश असतात.

खरी विश्रांति निराळीच. द्रव्य दुप्पट होण्यापूर्वींच कांहीं पेशी चक्राबाहेर पडून थांबतात; या स्थितीस पुढें ‘शून्य अवस्था’ हें नांव मिळालें. यकृताच्या पेशी अशाच स्वस्थ असतात, पण यकृताचा भाग कापला, कीं पुन्हां विभागूं लागतात. बटाट्याच्या निद्रिस्त डोळ्यांतील पेशीही बहुतांशीं दुपटीपूर्वींच अडून राहिलेल्या आढळतात. बेण्याच्या डोळ्यांचें मौन त्याच जातीचें समजावें.

बेण्याच्या बाबतींत ही विश्रांति वरदान आहे. कर्करोगांत तीच घातक ठरते. पुष्कळशीं औषधें विभागणाऱ्या पेशींवरच आघात करतात. एखादी रोगग्रस्त पेशी त्या वेळीं थांबलेली असली, तर ती वांचते आणि कधीं कधीं रोगी बरा झाल्यासारखा वाटल्यावर वर्षांनंतर जागी होते. म्हणून अशा पेशींना निजलेल्याच ठेवावें, कीं मुद्दाम जागें करून औषधाच्या माऱ्यांत आणावें, या दोन्ही वाटांनीं संशोधक आज प्रयत्न करीत आहेत.