शनिवारवाड्यातील किंकाळी

पडक्या वास्तूत भूत आहे अशी वार्ता कळमन्यात उठो वा पुण्यात, मुलांची पावले तिकडे वळावयाचीच. पुण्यातील शनिवारवाड्याभोवती कित्येक पिढ्यांचे बालवीर याच ओढीने घुटमळले. पौर्णिमेच्या रात्री आतून ‘काका, मला वाचवा’ अशी किंकाळी येते, असे त्यांस सांगितलेले असे. दिल्ली दरवाजाच्या अणकुचीदार खिळ्यांस हात लावून माघारी पळणे, एवढाच काय तो पराक्रम! हे खिळे हत्तींची धडक थोपविण्यासाठी बसविलेले; भुतांचा तेथे काय पाड?

श्रोतेहो, दंतकथेखालील घटना मात्र खरी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशवे याच वाड्यात गारद्यांच्या तलवारींस बळी पडले. वय अवघे १८. वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची. ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याचा आळ आनंदीबाईंवर आला. तो पुराव्यापेक्षा जनवादावरच अधिक उभा आहे. चुलते राघोबादादांस मात्र रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशीअंती दोषी ठरविले.

पुढे १८२८ च्या आगीत वाड्याचे मजले भस्मसात झाले. उरले ते तट, दरवाजे आणि जोती. ज्या दालनांतून तो तरुण पेशवा जीव घेऊन धावला, ती दालने आता नाहीत. आजीबाईंच्या गोष्टीतील किंकाळी मात्र अजून तेथूनच येते.