असीरगडाच्या पायथ्याशी

थाळनेरच्या घुमटांजवळ तुम्ही एका बैलगाडीत बसता. गाडीवान विचारतो, ‘कथा जाई ऱ्हायना, भाऊ?’ असीर म्हटल्यावर तो गप्प होतो. साल १६००, महिना डिसेंबर. अकबर बादशहा असीरच्या गडाला वेढा घालून एप्रिलपासून बऱ्हाणपुरात ठाण मांडून आहे आणि गाडीतली ज्वारी शेवटी कुणाच्या घोड्यांपुढे पडणार, हे त्या बिचाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

या घुमटांखाली खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचे मूळपुरुष निजले आहेत. त्यांतल्या मलिक राजाला १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने थाळनेर दिलं आणि तो पुढे स्वतंत्र झाला. वंश सांगायचा तो थेट खलिफा उमर फारूकपर्यंत. तेवढ्यावर भागेना, म्हणून तो दौलताबादच्या शेख झैनुद्दीनचा मुरीद, म्हणजे शिष्य झाला. शेखने दिलेला खिरका, म्हणजे सुफी गुरूचं वस्त्र, फारुकी गादीबरोबर एका वारसाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. राज्य शेखच्या दुव्याने चालतं, असा त्याचा अर्थ. पण भाऊबंदकी दुव्याने कुठली थांबायला! मलिक राजाने धाकट्या मुलाला थाळनेर दिलं आणि थोरल्या नसीरला लळिंग. थोरल्याने १४१७ मध्ये माळव्याची मदत घेऊन धाकट्याला कैद केलं.

यावर या घराण्याने पुढे काढलेला उपाय तुम्हाला असीरच्या छावणीत ऐकायला मिळतो. गादीचे सात दावेदार राजपुत्र गडावरच ठेवायचे. खाणंपिणं, बायकामुलं सगळं तिथेच. खाली उतरायचं ते राजा होऊनच.

छावणीत एक पाद्री दिसतो, जेरोम झेवियर. चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा मागवायच्या आहेत, तर तू पत्र लिही, असं बादशहाने त्याला सांगितलं. धर्मात बसत नाही म्हणून त्याने नकार दिला. गंमत अशी की वर गडावरच्या तोफांशी सात पोर्तुगीज आहेत.

मग तो दिवस उजाडतो. खानदेशचा राजा बहादूरशहा फारुकी गड उतरतो. सुरक्षित परत पाठवू, असं बादशहाने स्वतःच्या शिराची शपथ घेऊन सांगितलं आहे. बहादूरच्या गळ्यात शेला आहे, शरणागतीच्या खुणेचा. तो तीनदा लवून मुजरा करतो. अकबर दगडासारखा बसून आहे. इतक्यात एक सरदार पुढे येतो, बहादूरचं डोकं धरतो आणि त्याला जमिनीवर पाडतो: पुरता सज्दा कर! बादशहा तोंडदेखलं रागावतो. सज्दा अल्लाखेरीज कुणापुढे करायचा नाही, अशी मौलवींची शिकवण, आणि बादशहाचा हट्ट नेमका त्याचाच. इथे दोघेही मुसलमान, दोघांमागे सुफींची पुण्याई, तरी कपाळ कुणापुढे टेकायचं यावर येऊन अडलंच.

शपथ बाजूला राहते आणि बहादूरला अडकवून ठेवतात. गडाचा हबशी किल्लेदार मात्र दार उघडत नाही. तो त्या सात राजपुत्रांकडे जातो: कुणीही गादीवर बसा, मी लढतो. एकही तयार होत नाही. जन्मभर कोंडून ठेवलेल्यांनी ऐन वेळी राज्य करावं, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. किल्लेदार स्वतःचा जीव देतो. पुढचं काम सोन्याच्या मोहरा करतात आणि जानेवारी १६०१ मध्ये दार उघडतं.

ही सगळी हकीकत झेवियरच्या पत्रांवरून युरोपात छापली गेली. फारसी बखरकार शपथेचं नाव काढत नाहीत. त्यांच्या मते गडावर साथ आली, लोकांचे पाय लुळे पडले, नजर गेली. मला पाद्र्याचं म्हणणं जास्त पटतं, तरी साथ खोटी असेल असं नाही. आठ-नऊ महिन्यांच्या वेढ्यात साथ येणारच.

बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. गडावरचे पोर्तुगीज मुसलमान झाले होते, त्यांना बादशहाने झेवियरच्या हवाली केलं आणि त्याने ते परत ख्रिस्ती करून घेतले. सुभा शहजादा दानियालला मिळाला आणि कागदोपत्री खानदेशाचा ‘दानदेश’ झाला. १६०५ मध्ये दानियाल दारूपायी गेला. तुमच्या गाडीवानाने तेव्हाही मुलूख खानदेशच म्हटला असणार.