गुडघ्यातील कूर्चा, अस्थिबंध आणि भारवहन : एका संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे स्थलांतर करतात. ‘कोयता’ म्हणून ओळखली जाणारी पती-पत्नीची जोडी ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वाहनात चढते. या श्रमाचा विचार उचल, मुकादम व मजुरी यांच्या अंगाने होतो. हा भार पेलणारा गुडघा सहसा त्या चर्चेबाहेर राहतो. प्रस्तुत निबंधात गुडघ्याच्या भारवहनाविषयीच्या ज्ञानाचा मागोवा घेण्यात आला आहे.

प्राचीन विचार :
सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गुडघ्याची गणना ‘कोर’ प्रकारच्या सांध्यांत केली असून ‘जानु’ या मर्मावरील आघाताने लंगडेपणा येतो, असे म्हटले आहे. फळ्या दोरांनी घट्ट बांधलेली नाव जशी माणसांचा भार पेलते, तसे स्नायूंनी बांधलेले सांधे शरीराला भारक्षम करतात, असा दृष्टान्तही तेथे येतो. आज मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी. सुश्रुताच्या या दृष्टान्तातील स्नायू म्हणजे सांधा बांधून ठेवणारा बंध, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

निरुपयोगी ठरलेला अवयव :
मांडी व नडगीच्या हाडांमध्ये दोन अर्धचंद्राकृती कूर्चा असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. थॉमस अ‍ॅनन्डेल यांनी 1883 मध्ये एडिंबरो येथे सुटलेली कूर्चा टाके घालून पूर्ववत बसविली. तथापि, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लँड-सटन यांनी या कूर्चा म्हणजे पायाच्या स्नायूंचे कार्यहीन अवशेष होत, असे मत मांडले. पुढे अनेक दशके फाटलेली कूर्चा संपूर्ण काढून टाकणे हीच रूढ पद्धत राहिली. 1948 मध्ये फेअरबँक यांनी अशा रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यातील फट अरुंद होणे व हाडाचा गोलवा सपाट होणे हे बदल दाखविले. तेव्हा कूर्चा भार वाहते, हे सूचित झाले.

अस्थिबंधांचे साहाय्य :
1970 च्या दशकात सीडहॉम, तसेच वॉकर व अर्कमन यांच्या प्रयोगांनी हे कार्य स्पष्ट केले. भार आला की कूर्चा बाहेर सरकू पाहते. पण तिची टोके नडगीच्या हाडाशी घट्ट जखडलेली असल्याने तिच्यातील वर्तुळाकार तंतू ताणले जातात आणि भार विस्तृत पृष्ठभागावर विभागला जातो. आतील कूर्चा आतल्या बाजूच्या अस्थिबंधाशी जोडलेली असते. बाहेरील कूर्चेला हम्फ्री व रिसबर्ग यांच्या नावाचे अस्थिबंध मांडीच्या हाडाशी बांधतात; मात्र ते प्रत्येक गुडघ्यात आढळतातच असे नाही. 1982 मध्ये लेव्ही व सहकाऱ्यांनी दाखविले की, पुढचा क्रुशिएट अस्थिबंध तुटल्यावर नडगीचे हाड पुढे सरकू न देण्याचे काम आतील कूर्चेवर येऊन पडते. 2008 मध्ये अ‍ॅलेअर व सहकाऱ्यांनी आतील कूर्चेचे मागील मूळ तुटणे हे भाराच्या दृष्टीने संपूर्ण कूर्चा काढण्याइतकेच घातक असल्याचे सिद्ध केले.

समारोप :
कूर्चा तिच्या बंधांपासून अलग करून पाहिली गेली, म्हणून ती निरुपयोगी वाटली. बंधांसह पाहिल्यावरच तिचे कार्य उलगडले. बीडच्या संदर्भात हा केवळ शास्त्रीय वाद नाही. शेताच्या सरीत पाय मुरगळून अस्थिबंध दुखावलेला कामगार दुखणे अंगावर काढून मोळ्या वाहतो, तेव्हा आधार गमावलेल्या कूर्चेची झीज वाढण्याचा धोका असतो. जोडीतील एकाचा गुडघा निकामी झाला की उरतो तो ‘अर्धा कोयता’. म्हणूनच हंगामापूर्वीच्या आरोग्य तपासणीत गुडघ्याच्या स्थैर्याची तपासणी समाविष्ट होणे अगत्याचे आहे.