घोडा शिकविण्याची जुनी विद्या

स्मरणिकेसाठी मी लोणच्यांवर लिहावे असे घरच्यांचे म्हणणे पडले. परंतु मी घोड्यांविषयी लिहिणार आहे. हसू नका. माझ्या आईचे वडील टांगा हाकीत. आजोळची चूल पेटे ती घोड्याच्या चार पायांवर.

एकदा त्यांनी कर्ज काढून नवा घोडा घेतला. चालीला सुरेख, परंतु रेल्वेच्या फाटकापाशी इंजिनाची शिट्टी झाली की बुजे. आजोबांनी चाबूक ओढला. दुसऱ्या दिवशी घोडा फाटक दुरून दिसताच अडला आणि तिसऱ्या दिवशी त्याने उतारूंसकट टांगा रस्त्याकडेच्या चरात घातला. कोणाला फारसे लागले नाही, पण गिऱ्हाइके तुटली आणि कर्ज डोक्यावर राहिले. मारून भीती जायची ती उलट वाढली कशी? आईने ही हकीकत सांगितली तेव्हापासून हे कोडे माझ्या मनात होते.

त्याचे उत्तर मला झेनोफन नावाच्या ग्रीक माणसाच्या पुस्तकात मिळाले. मी सातवी शिकलेली; धाकट्या मुलीने इंग्रजी भाषांतरावरून अर्थ सांगितला. हा झेनोफन अथेन्सचा, सॉक्रेटिसाच्या सहवासातला. इ. स. पूर्व ४०१ मध्ये इराणी राजपुत्राच्या बंडात भाडोत्री शिपाई म्हणून गेलेले सुमारे दहा हजार ग्रीक परमुलखात अडकले, त्यांना काळ्या समुद्रापर्यंत सुखरूप आणणाऱ्या पुढाऱ्यांत तो होता. पुढे त्याने घोडेस्वारीवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याच्याही आधी सायमन नावाच्या ग्रीकाने या विषयावर लिहिले होते, पण त्याचा थोडा भागच उरला आहे.

त्या काळी ग्रीकांना रिकीब ठाऊक नव्हती, आपल्यासारखे खोगीरही नव्हते. आयाळ धरून किंवा भाला टेकून उडी घ्यायची आणि मांड्यांच्या जोरावर बसायचे. घोडा बुजला की स्वार जमिनीवर, आणि तेही ऐन लढाईत! म्हणून घोडा धीट आणि भरवशाचा असणे हा तिथे जिवाचा प्रश्न होता.

झेनोफन म्हणतो, मुलाला उस्तादाच्या हाताखाली ठेवतो तसे शिंगरू शिकविणाऱ्याकडे द्यावे आणि परत येताना त्याला काय काय आले पाहिजे ते लिहून ठेवावे. पण ते आधी घरीच माणसाळलेले हवे. भूक, तहान, माश्यांचा त्रास या गोष्टी त्याने एकटेपणी भोगाव्या आणि दाणापाणी व सुटका माणसाच्या हातून मिळावी. मग त्याला माणसाची ओढ लागते. (भूक दाखवून माया लावणे मला जरा कठोरच वाटले.) जिथे केस दाट आणि जिथे घोड्याला स्वतःला खाजवता येत नाही, तिथे हात फिरवावा. मोतद्दाराने त्याला गर्दीतून न्यावे, नाना वस्तू दाखवाव्या, नाना आवाज ऐकवावे. बुजला तर मारू नये. भिण्यासारखे काही नाही हे शांतपणे पटवावे. कारण मार बसला की घोड्याला वाटते, हे दुःख त्या वस्तूनेच दिले.

इथे मी मुलीला म्हटले, “थांब, पुन्हा वाच.” फाटकाचे कोडे सुटले होते.

रागाच्या भरात घोड्याशी वागू नये, हा त्याचा मोठा नियम. तथापि तो अगदीच मवाळ होता असेही नाही. चर ओलांडायला शिकविताना माणसाने लगाम धरून आधी स्वतः पलीकडे जावे, आणि तरीही घोडा अडला तर मागून जोराचा फटका द्यावा, असे त्यानेच लिहिले आहे. ते मी लपवीत नाही.

चर म्हटला की आपल्याला झाशीची राणी आठवणारच. १८५८ साली ग्वाल्हेरच्या लढाईत तिचा नवखा घोडा ओढ्यापाशी अडला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारी मिळे, शिलेदार मात्र स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. तो मेला की पोटावरच पाय. इतके असून घोडा शिकविणाऱ्याला आपल्या भाषेत शब्द आहे ‘चाबुकस्वार’. नावातच चाबूक!

झेनोफनच्या नंतर थोड्याच वर्षांनी मॅसिडोनियात एक द्वाड घोडा विकायला आला. पाठीवर कोणाला बसू देईना. राजाच्या मुलाने ओळखले, की हा आपल्याच सावलीला भितो. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळविले, त्याला थोपटले आणि मग वर बसला, असे प्लुटार्कने लिहिले आहे. तो मुलगा म्हणजे सिकंदर आणि घोडा ब्यूसिफेलस. इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमकाठी पोरसाशी लढाई झाल्यावर तो घोडा मेला, तेव्हा सिकंदराने तिथे त्याच्या नावाचे शहर वसविले.

आता आजोबांच्या घोड्याचे सांगायचे राहिले. आजोबा तो तोट्यात विकायला निघाले होते. आजीला अक्षरओळख नव्हती. ती म्हणाली, “आठ दिवस थांबा.” संध्याकाळच्या गाडीच्या वेळी ती त्याला टांगा न जुंपता, नुसता दोराने धरून नेई. पहिल्या दिवशी फाटकापासून बरीच लांब उभी राहिली, दुसऱ्या दिवशी थोडी जवळ. पदरात भिजवलेले हरभरे असत. गाडी जाईपर्यंत ती त्याची मान खाजवीत बसे. आठाचे वीस दिवस झाले, शेजारीपाजारी हसले. पुढे तो घोडा अकरा वर्षे त्याच रस्त्याने टांगा ओढीत होता. फाटकापाशी गाडी जाईपर्यंत उभा राही. कान मात्र टवकारलेले असत.