सॉसालिटोची तरंगती वस्ती : घर स्वतःचं, पाणी दुसऱ्याचं

मरीना म्हणजे खाजगी बोटी बांधून ठेवण्याची जागा. लाटांपासून आडोसा असलेल्या पाण्यात लांबच लांब धक्के टाकलेले असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेका बोटीपुरत्या जागा आखलेल्या असतात. बोटीचा मालक त्या जागेचं दरमहा भाडं भरतो. बहुतेक मालक सुट्टीच्या दिवशी येतात, शिडं उभारून चक्कर मारतात आणि संध्याकाळी घरी जातात. पण जगातल्या अनेक मरीनांमध्ये काही मालक घरी जात नाहीत, कारण बोट हेच त्यांचं घर असतं. अशा लोकांची सगळ्यात प्रसिद्ध वस्ती अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सॉसालिटो गावाला लागून आहे.

आपल्याकडे हाउसबोट म्हटलं की श्रीनगरचं दल सरोवर किंवा केरळचं बॅकवॉटर आठवतं. तिथल्या बहुतेक हाउसबोटी पर्यटकांसाठी असतात. सॉसालिटोत मात्र शाळेत जाणारी मुलं, निवृत्त शिक्षक, चित्रकार, वकील असे लोक वर्षानुवर्षं पाण्यावर राहतात. रिचर्डसन बे या उथळ खाडीतल्या काही मरीनांमध्ये मिळून अशी चारशेहून अधिक घरं आहेत. सॉसालिटोच्या नावाने ओळखली जात असली तरी यातली बरीचशी घरं गावाच्या हद्दीबाहेर, मरिन काउंटीच्या अखत्यारीत येतात.

भंगारातून उभी राहिलेली वस्ती

दुसऱ्या महायुद्धात या किनाऱ्यावर मरिनशिप नावाचा जहाजबांधणीचा कारखाना उभा राहिला. १९४२ ते १९४५ या काळात तिथे ९३ मालवाहू आणि तेलवाहू जहाजं बांधली गेली. युद्ध संपलं आणि कारखाना बंद पडला. मागे उरलं ते लाकूड, लोखंड, जुने बार्ज, नौदलाच्या निकामी होड्या आणि पुलांमुळे बेकार झालेल्या फेरीबोटी. घरभाडं न परवडणाऱ्या लोकांनी या सामानातून पाण्यावर घरं उभी केली.

१८७९ साली बांधलेली ‘व्हॅलेहो’ ही फेरीबोट त्यातलीच. १९४९च्या सुमारास चित्रकार जाँ वार्दा आणि त्याच्या साथीदारांनी ती घेतली. पुढे झेन आणि वेदान्तावर लिहिणारा अ‍ॅलन वॉट्स तिच्या अर्ध्या भागात राहायला आला. १९६७मध्ये कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग आणि गॅरी स्नायडर यांच्यासह हिप्पी चळवळीतली बडी मंडळी याच बोटीवर चर्चेला बसली होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गायक ओटिस रेडिंग सॉसालिटोतल्या एका हाउसबोटीवर उतरला असताना त्याला ‘द डॉक ऑफ द बे’ हे गाणं सुचलं. डिसेंबरमध्ये विमान अपघातात तो गेला आणि गाणं नंतर जगभर गाजलं. या सगळ्यामुळे वस्तीला एक वलय मिळालं. मात्र ते वलय बाजूला ठेवलं, तर मुळात ही गरिबांनी स्वतःपुरती सोडवलेली घरांची अडचण होती.

धक्क्यावरची रीत

धक्का म्हणजे इथली गल्ली, फक्त ती चालण्यापुरतीच रुंद असते. गाडी किनाऱ्यावरच ठेवावी लागते. धक्क्याच्या तोंडाशी हातगाड्या उभ्या असतात. वाणसामान, गॅसचा सिलिंडर, नवी गादी असं सगळं त्यावर घालून घरापर्यंत ढकलत न्यायचं आणि गाडी रिकामी करून परत जागेवर आणून ठेवायची. गाडी स्वतःच्या दाराशी ठेवून घेणारा माणूस शेजाऱ्यांच्या मनातून लवकर उतरतो. शेवटच्या घराकडे जाणारा रहिवासी रोज सगळ्यांच्या दारावरून जातो, त्यामुळे कोण आजारी आहे, कोणाकडे पाहुणे आलेत, हे विचारावं लागत नाही. कठड्यापाशी कुंड्यांची रांग असते. जमीन नसल्यामुळे बाग धक्क्यावरच फुलते.

या ओळखीला एक रोखठोक कारणही आहे. घर दोरखंडांनी बांधलेलं असतं. वादळात एखादा दोर तुटला, तर सुटलेलं घर आधी शेजारच्या घरावर आदळतं. एखाद्या जुन्या बोटीच्या तळाशी साचणारं पाणी उपसणारा पंप बंद पडला, तर मालक गावाला गेलेला असताना बोट बुडू शकते. त्यामुळे शेजाऱ्याच्या बोटीची पाण्याची रेघ नेहमीपेक्षा वर दिसते का, याकडे लक्ष ठेवणं ही इथे भोचकपणात मोडणारी गोष्ट नाही. आगीचं तर विचारायलाच नको. घरं लाकडाची आणि एकमेकांना खेटून असतात, आणि बाहेर पडायची वाट एकच.

भरती-ओहोटीही सगळ्यांची सामाईक. दिवसातून दोनदा घरं वर चढतात आणि खाली येतात. मोठ्या ओहोटीला काही घरांचा तळ चिखलात टेकतो. हिवाळ्यातल्या सर्वात मोठ्या भरत्यांना उलटी गंमत होते. घर पाण्याबरोबर वर जातं आणि कोरडं राहतं, पण किनाऱ्यावरचा रस्ता आणि पार्किंग पाण्याखाली जातं. अशा दिवशी गाडी आधीच उंचावर नेऊन ठेवावी लागते.

१९८०च्या दशकात उन्हाळ्याच्या रात्री या घरांच्या तळातून विमानाच्या घरघरीसारखा आवाज यायला लागला आणि लोकांची झोप उडाली. सांडपाण्याचे पंप, विजेच्या तारा, अगदी नौदलाचा गुप्त प्रयोग, असे सगळे संशय घेऊन झाले. शेवटी दोषी निघाला तो मिडशिपमन नावाचा मासा. त्याचा नर मादीला बोलावण्यासाठी रात्रभर एका सुरात गुणगुणतो, आणि काँक्रीटचा पोकळ तळ तो आवाज घरात पोचवतो. कारण कळल्यावर रहिवाशांनी तक्रार सोडून माशाच्या नावाने उत्सव सुरू केला.

कायद्याच्या नजरेत हा भराव

घर स्वतःचं असलं, तरी त्याखालची जागा भाड्याची असते. इथला प्रत्येक मोठा तंटा या एका गोष्टीतून निघालेला आहे. १९७०च्या दशकात काउंटीने सांडपाणी आणि वीजजोडणीचे नियम लावायला सुरुवात केली आणि नव्या, आखीव धक्क्यांचा आराखडा पुढे आला. जुन्या रहिवाशांनी होड्या आडव्या घालून, पोलिसांच्या अंगावर धावून जाऊन विरोध केला. हा काळ ‘हाउसबोट वॉर्स’ म्हणून ओळखला जातो. प्रशासनाचं म्हणणं खोटं नव्हतं: मैला सरळ खाडीत जात होता. पण नियम पाळण्याचा खर्च ज्यांना झेपणारा नव्हता, त्यांच्यासाठी नियम आणि हकालपट्टी यांत फरक उरत नव्हता.

नवे धक्के झाले, घरं लवचीक नळांनी सांडपाण्याच्या वाहिनीला जोडली गेली आणि किमती वाढत गेल्या. आज यातली अनेक घरं दहा लाख डॉलरच्या पुढे विकली जातात. जुन्या रहिवाशांपैकी काहींनी ‘गेट्स को-ऑप’ ही सहकारी संस्था करून अनेक दशकं चिवटपणे बोलणी केली. अखेर वाल्डो पॉइंट हार्बरच्या फेररचनेत कमी उत्पन्न असलेल्यांच्या ३८ बोटींना कायदेशीर जागा मिळाली. शेजारी कोट्यधीश आणि त्यापलीकडे जुन्या बोटीतला सुतार, हे दृश्य त्यामुळे टिकून आहे.

इथे शब्दांचा फरक महत्त्वाचा ठरतो. ‘तरंगतं घर’ म्हणजे इंजिन नसलेलं, धक्क्याला कायमचं जोडलेलं घर. त्यातल्या रहिवाशांसाठी कॅलिफोर्नियात स्वतंत्र कायदा आहे आणि ठरावीक कारणांखेरीज मरीनाचा मालक त्यांना काढू शकत नाही. असं घर उचलून दुसरीकडे नेणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून हे संरक्षण लागतं. पण इंजिनाच्या किंवा शिडाच्या बोटीवर राहणाऱ्याला ते मिळत नाही. शिवाय खाडीच्या संरक्षणासाठी १९६५ साली स्थापन झालेला आयोग अशा मुक्कामी बोटींना खाडीतला भराव मानतो. माती टाकून खाडी बुजवणं आणि बोटीत कायमचं राहणं, दोन्ही त्याच्या हिशेबात एकाच प्रकारात येतं. म्हणून मरीनातल्या एकूण जागांपैकी साधारण १० टक्केच जागा राहत्या बोटींना देता येतात.

भरतीच्या पाण्याखालची जमीन सार्वजनिक आहे आणि तिचा वापर नौकानयन, मासेमारी, व्यापार यांसाठी व्हावा, हे तत्त्वही मध्ये येतं. याच तत्त्वावर, खाडीच्या दक्षिण टोकाला रेडवूड सिटीतल्या ‘डॉकटाउन’ मरीनातली राहती वस्ती २०१६नंतर नगरपालिकेने उठवायला घेतली. सार्वजनिक पाणी मूठभरांच्या घरांसाठी का अडवायचं, हा प्रश्न रास्तच आहे. तिथे अनेक वर्षं भाडं भरून राहिलेल्यांसाठी मात्र तो अख्ख्या गल्लीच्या अस्तित्वाचा प्रश्न होता.

धक्क्याबाहेरचे शेजारी

सर्वात बिकट स्थिती आहे ती मरीनाबाहेर, खाडीच्या मधोमध नांगर टाकून राहणाऱ्यांची. त्यांना ‘अँकर-आउट’ म्हणतात. भाडं नाही, वीज नाही, किनाऱ्यावर यायचं तर छोटी होडी वल्हवत यायचं. २०१६च्या सुमारास अशा आणि बेवारस बोटी मिळून संख्या दोनशेच्या वर होती. वादळात नांगर सुटून बोटी मरीनातल्या घरांवर किंवा किनाऱ्यावर आदळत. नांगराच्या साखळ्या वाऱ्याबरोबर गोल फिरत तळाचं ईलग्रास हे समुद्री गवत खरवडून काढत. हेरिंग मासे याच गवतावर अंडी घालतात. २०२१मध्ये स्थानिक यंत्रणा आणि खाडी आयोग यांच्यात करार झाला आणि ऑक्टोबर २०२६पर्यंत मुक्कामी बोटी हटवायचं ठरलं. काहींना जमिनीवरच्या घरासाठी भाड्याची मदत देण्यात आली. काहींना ती नको होती, त्यांना बोटच हवी होती. पण जुन्या बोटीला मरीनात जागा मिळवायची तर ती चालती हवी, तिचा विमा हवा, महिन्याचं भाडं हवं, आणि एवढं सगळं जमवलं तरी १० टक्क्यांतली एखादी जागा रिकामी असायला हवी.