पील यांची रात्रपाळी

२६ ऑक्टोबर २००४ रोजी बीबीसी रेडिओ वनने ठरलेले कार्यक्रम बाजूला सारले. तिथले निवेदक जॉन पील आदल्या दिवशी पेरूमधल्या कुस्को शहरात हृदयविकाराने गेले होते. वय ६५.

१९६७ मध्ये समुद्रातल्या जहाजावरून चालणाऱ्या रेडिओ लंडनच्या चोरट्या प्रक्षेपणातून ते रेडिओ वनवर आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. बहुतेक रात्रीच्या वेळी. चुकीच्या वेगाने रेकॉर्ड लावण्याबद्दल त्यांची ख्याती होती. श्रोत्यांना त्याचंही कौतुक!

त्यांच्या 'सेशन्स'चं मूळ मात्र एका अडचणीत होतं. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला ठरावीक तासच रेकॉर्ड वाजवता येत. उरलेला वेळ भरायला कलाकारांना स्टुडिओत बोलवावं लागे. ही सक्ती पील यांच्या कार्यक्रमाने सोन्यासारखी वापरली. रेकॉर्ड कंपनीने दारातही उभं न केलेले बँड बीबीसीच्या मेडा व्हेल स्टुडिओत येऊन बहुधा एका दिवसात चारेक गाणी ध्वनिमुद्रित करत. अशी चार हजारांहून अधिक सेशन्स झाली; त्यांतली २४ एकट्या 'द फॉल' या बँडची. एवढी मर्जी जरा अतिच, पण आवडीत तटस्थपणा त्यांनी कधी मिरवला नाही.

१९७८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या 'अंडरटोन्स' या बँडचं 'टीनेज किक्स' हे गाणं त्यांनी लागोपाठ दोनदा वाजवलं होतं. १२ नोव्हेंबर २००४ रोजी बेरी सेंट एडमंड्सच्या कॅथीड्रलमधून त्यांची शवपेटी बाहेर नेताना तेच लावलं गेलं. पुढच्या वर्षी ग्लास्टनबरी महोत्सवाने नव्या बँडांच्या तंबूला पील यांचं नाव दिलं.