गव्हाचे पथ्य आणि एक आई

मूल खाते, पण अंगी लागत नाही; पोट नगाऱ्यासारखे, हातपायांच्या काड्या, शौच पांढरट व दुर्गंधीचे. या दुखण्याला सीलियाक म्हणतात. १८८८ साली लंडनचे डॉ. सॅम्युएल जी यांनी त्याचे नेमके वर्णन केले आणि हे बरे झालेच तर आहारानेच होईल, असे लिहून ठेवले. कोणत्या आहाराने, ते मात्र उमगेना. १९२४ साली अमेरिकेत डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवले; मुले सुधारली. श्रेय केळ्यांना मिळाले! खरा गुण होता तो पाव सुटल्याचा.

पुढे नेदरलँड्समधील हेग येथे डॉ. विलेम डिके हे बालरोगांचे वैद्य होते. एका तरुण आईने त्यांना सांगितले, की पाव बंद केला म्हणजे माझ्या आजारी मुलाच्या अंगावरचे पुरळ ओसरते. डिके यांनी ते हसण्यावारी नेले नाही, यातच मला त्यांची थोरवी दिसते. १९३६ च्या सुमारास त्यांनी गव्हाविना आहार देऊन पाहण्यास आरंभ केला. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन अंमलाखाली, तेथे अशी उपासमार झाली की लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. पाव दुर्मिळ झाला आणि ही मुले सावरली. तो परत येताच पुन्हा ढासळली, असे सांगतात. गाजली ती हीच हकीकत. त्या आईची आठवण क्वचितच कोणी काढतो.

१९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. गव्हातील ग्लूटेनने या रुग्णांच्या लहान आतड्याचे अस्तर झिजते व अन्न शोषले जात नाही, हे पुढे कळले. ज्या पोळीने घरातल्या इतरांना काहीच होत नाही, तीच एकाला बाधते. गहू, जव आणि राय वर्ज्य. बाकीचे ताट मात्र मोकळे झाले. केळ्यांवर दिवस काढणाऱ्या लेकरांना हे केवढे सुख!

आपल्याकडे तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी सारेच चालते. पण गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की पथ्य मोडले. बाजारच्या पुष्कळ हिंगातही गव्हाचे पीठ असते. भगिनींनो, शंका आली म्हणून कोणी आपल्या मनाने गहू सोडू नये. गहू खाण्यात असतानाच रक्ततपासणी करावी लागते, नाहीतर दुखणे असूनही तीत दिसत नाही.